दुखण्याची वाट पाहू नका

(जालना येथे झालेल्या साहाय्यकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वस्त्यांवरच्या कामाचा अहवाल मी दरवर्षी देते. यंदा अहवालाआधी मला एक दुरुस्ती करायची आहे. दोन वर्षांपूर्वी आपल्या याच पत्रिकेत मी भोकरदन तालुक्यातल्या भिल्ल वस्तीवरच्या एका मावशींविषयी सहा-सात ओळी लिहिल्या होत्या. त्यांना गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. मी लिहिलं होतं की मावशी एवढ्या आजारातही शांत आहेत, कुरकुर करत नाहीत, भेटायला गेलं की हात जोडतात. ते वाचून तुमच्यापैकी काहींनी पत्रं पाठवली, काहींनी पैसे पाठवले. एका मंडळीत त्यांच्या शांतीबद्दल उपकारस्तुतीही झाली.

ते मी लिहिलेलं खरं नव्हतं. मावशी शांत नव्हत्या. दुखण्यानं त्या गप्प झाल्या होत्या. या दोन्हींतला फरक मला तेव्हा कळत नव्हता. तो मला कसा कळला, आणि आजाऱ्यांच्या भेटीला जाणाऱ्या आपल्या प्रत्येकाला तो का कळायला हवा, एवढंच आज सांगते.

राखणदार कुत्रं

आपल्या सगळ्यांना दुखणं माहीत आहे. ऊस तोडताना कोयता लागला, विंचू चावला, दाढ ठणकली, बाळंतपणाच्या कळा आल्या. हे दुखणं वाईट असतं, पण ते कामाचं असतं. पायात काटा मोडला की पाय आपोआप वर उचलला जातो. हाड मोडलं की दुखण्यामुळेच आपण तो हात हलवत नाही, म्हणून ते जुळतं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड नावाचे मिशनरी सर्जन होते. कुष्ठरुग्णांची बोटं का झडतात, याचा त्यांनी शोध घेतला. लोकांना वाटायचं की रोगानं मांस सडतं. डॉक्टरांनी दाखवून दिलं की त्या हातापायांना दुखणंच कळत नाही, म्हणून ते भाजतात, चिरतात, तसेच वापरले जातात आणि शेवटी झिजून जातात. दुखणं ही देवाची देणगी आहे असं ते म्हणत. त्यांनी ते काम करताना डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

म्हणजे साधं दुखणं हे वस्तीवरच्या राखणदार कुत्र्यासारखं आहे. चोर आला की ते भुंकतं. माणूस जागा होतो, काठी घेतो. चोर पळाला की कुत्रं गप्प होतं. साध्या दुखण्याला सुरुवात असते, कारण असतं आणि शेवट असतो. बाळंतपणाच्या कळा बाई सोसते, कारण तिला माहीत असतं की या थांबणार आहेत आणि थांबतील तेव्हा कुशीत लेकरू असेल.

आता कॅन्सरकडे या. इथे हे कुत्रं दोनदा दगा देतं.

पहिला दगा म्हणजे चोर घरात शिरतो तेव्हा ते झोपलेलं असतं. स्तनातली सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. तंबाखू आणि मिश्रीनं तोंडात पडलेला पांढरा चट्टा दुखत नाही. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर सुरुवातीला दुखत नाही. अंगावरून जातं, मधेच डाग पडतो, संबंधानंतर रक्त जातं, आणि बाई म्हणते, ‘वय झालं, असंच असतं.’ वस्त्यांवर मला सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य हेच, ‘दुखत नव्हतं ताई, म्हणून गेलो नाही.’ आपल्या मराठवाड्यातच, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयानं आणि टाटा मेमोरियलनं मिळून एक मोठं काम केलं. एक लाखाहून अधिक बायकांचा त्यात समावेश होता. 2009 साली त्याचे आकडे प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. म्हणून काहीच दुखत नसतं, तीच तपासणीची वेळ असते.

दुसरा दगा त्यानंतरचा. चोर घरात ठाण मांडून बसलेला असतो. घरातल्या सगळ्यांना ते कळलेलं असतं. डॉक्टरांना कळलेलं असतं. आता भुंकून काही उपयोग नाही. पण कुत्रं थांबत नाही. दिवसा भुंकतं, रात्री भुंकतं, महिनोन्‌महिने भुंकतं. त्यानं आता कुणाला काही सांगायचं राहिलेलं नसतं, फक्त घरातल्यांची झोप, भूक आणि धीर खाऊन टाकायचा असतो. कॅन्सरचं दुखणं ते हे. हे सोसून काही बरं होत नाही, काही जुळत नाही, काही जन्माला येत नाही.

मावशींचं गप्प बसणं

मावशी पन्नाशीच्या पुढच्या. एकुलता मुलगा, सून, सातवीतली नात. मुलगा दरवर्षी मुकादमाकडून उचल घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला जायचा. आजार लक्षात आला तेव्हा तो कमरेच्या हाडांपर्यंत गेलेला होता. पूर्ण बरं होणार नाही, हे डॉक्टरांनी मुलाला सांगितलं होतं. एका दवाखान्यातून वेदनेच्या गोळ्या मिळाल्या होत्या आणि सांगणं होतं, ‘दुखलं तरच घ्या, सहन होत नसेल तर इंजेक्शनला या.’ मावशी गोळ्या पुरवून पुरवून वापरत. इंजेक्शनसाठी खडखडत्या रस्त्यावरून जीपनं जायचं म्हणजे दुखणं दुप्पट.

मी पंधरा दिवसांनी एकदा जायचे. मावशी भिंतीला टेकून बसलेल्या असत. हलत नसत, बोलत नसत. मी प्रार्थना करायचे. त्या हात जोडायच्या. मला वाटायचं, किती शांत आहेत.

एकदा हापशावर त्यांच्या सुनेनं मला थांबवलं. म्हणाली, ‘ताई, तुम्ही गेल्या का त्या पदराचा बोळा तोंडात धरतात. रातभर भिताडाला डोकं लावून बसतात. दोन महिने झाले, आडव्या झाल्या नाहीत.’

मी म्हटलं, ‘मग मला सांगत का नाहीत?’

ती म्हणाली, ‘त्या म्हणतात, ताईच्या देवानं खिळे सोसले, तो रडला नाही. मग ताईसमोर आपण कसं रडायचं?’

बंधू-भगिनींनो, मी त्यांना वधस्तंभाची गोष्ट धीर मिळावा म्हणून सांगितली होती. त्यांना मात्र तिच्यातून रडायची बंदी ऐकू आली होती. मी पंधरा दिवसांनी एकदा जाऊन एका बाईच्या तोंडात बोळा कोंबून येत होते.

नंतर एका जाणत्या डॉक्टरांनी मला समजावलं. ताजं दुखणं असलं की माणूस घामाघूम होतो, नाडी जोरात चालते, तो ओरडतो, तळमळतो. बघणाऱ्याला लगेच कळतं. पण आठवडे, महिने चालणारं दुखणं असलं की शरीराची ती धावपळ मंदावते. चेहरा कोरा होतो. माणूस हालचाल टाळतो, कारण प्रत्येक हालचाल दुखते. बोलणं कमी करतो, जेवण सोडतो, माणसांकडे पाठ करतो. तो ओरडत नाही, याचा अर्थ त्याला दुखत नाही असा होत नाही. हे वाक्य मी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे.

एका माणसाची अनेक दुखणी

त्या डॉक्टरांकडे मावशींना नेलं तेव्हा त्यांनी अर्धा तास नुसती विचारपूस केली. पहिला प्रश्न, ‘रात्री झोप लागते का?’ दुसरा, ‘दुखणं रुपयात मोजायचं तर किती? चार आणे, आठ आणे, बारा आणे, का पुरता रुपया?’ मावशी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘रुपयाच्या वर हाये का काही?’

मग डॉक्टरांनी विचारलं की कुठे दुखतं आणि कसं. आम्ही एवढे दिवस ‘दुखतं’ असं एकच म्हणत होतो. मावशींनी तीन निरनिराळी दुखणी सांगितली. कमरेत खोल, सतत ठणका. उठलं-बसलं की वाढणारा, रात्री जास्त. हे हाडाचं दुखणं. कुल्ल्यापासून पायाच्या टाचेपर्यंत आग आणि मधूनच वीज चमकल्यासारखी सणक, लुगडं घासलं तरी नको वाटणारी. हे शिरेचं, म्हणजे नसेचं दुखणं. गाठ नसेला दाबते किंवा तिच्यात शिरते तेव्हा असं होतं. आणि पोटात येणाऱ्या-जाणाऱ्या कळा, नेमक्या कुठे ते बोटानं दाखवता न येणाऱ्या. त्यातल्या काही तर आठ-आठ दिवस शौचाला न झाल्याच्या होत्या.

कॅन्सरच्या रुग्णाचं दुखणं बहुतेक वेळा एकच नसतं. गाठीचं वेगळं, हाडाचं वेगळं, नसेचं वेगळं, चिघळलेल्या जखमेचं वेगळं. काही दुखणं उपचाराचंही असतं. आपले लोक रेडिएशनला ‘शेक’ म्हणतात. तोंडाला शेक दिल्यावर आतून सोलवटून निघतं. काही केमोनंतर हातापायांना मुंग्या येतात, आग होते. लिव्हरमध्ये गाठ असली तर दुखणं उजव्या खांद्यात जाणवू शकतं. आणि सततच्या ठणक्यावर मधूनच मोठी कळ उसळते ती आणखी वेगळी. म्हणून एकाच गोळीनं सगळं भागत नाही. नसेच्या दुखण्याला नेहमीची वेदनाशामक गोळी फारशी दाद देत नाही, त्याला वेगळी औषधं लागतात. हाडाच्या दुखण्याला कित्येकदा शेकाची एकच बैठकही पुष्कळ आराम देते. मावशींना ती दिली. रोग बरा होण्यासाठी नव्हे, ठणका उतरावा म्हणून.

घड्याळ

आता सगळ्यांत महत्त्वाचं. साध्या दुखण्याचा नियम आपण लहानपणापासून शिकलो, दुखलं तर गोळी घ्या. कॅन्सरच्या दुखण्याला हा नियम लावला की माणसाचे हाल होतात. कारण हे दुखणं परत येणारच आहे, हे ठरलेलं असतं. ते चढेपर्यंत थांबायचं, मग गोळी घ्यायची, ती लागू पडेपर्यंत तासभर तळमळायचं, उतरलं की पुन्हा चढायची वाट पाहायची. असा माणूस दुखत नसतो तेव्हाही भीतीतच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेनं 1986 साली कॅन्सरच्या वेदनेसाठी एक साधी पद्धत जगापुढे मांडली. शक्यतो तोंडावाटे औषध, घड्याळाप्रमाणे औषध, आणि पायरी-पायरीनं औषध. पहिल्या पायरीवर पॅरासिटामॉलसारखी औषधं, मधल्या पायरीवर कोडीनसारखी, आणि त्यानंही भागलं नाही तर मॉर्फिन. आधीच्या डोसाचा असर संपायच्या आत पुढचा डोस पोटात गेला पाहिजे. दुखण्याची वाट पाहायची नाही. एवढं साधं आहे, आणि बहुतेक रुग्णांना यानं चांगला आराम पडतो.

मावशींना मॉर्फिनच्या गोळ्या सुरू झाल्या, दर चार तासांनी. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा. रात्रीचा डोस डॉक्टरांनी दुप्पट लिहून दिला, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. आता घरात घड्याळ नाही, मावशींना आणि सुनेला वाचता येत नाही. नातीनं मोबाइलवर पाच वेळेचे गजर लावले, प्रत्येकाला वेगळं गाणं. सुनेनं चुलीतल्या कोळशानं भिंतीवर रोज पाच रेघा ओढायला सुरुवात केली. गोळी दिली की एक रेघ खोडायची. मी इतक्या मोठमोठ्या प्रशिक्षणांना गेले आहे, पण त्या भिंतीइतकी नेटकी नोंदवही पाहिली नाही.

पहिले दोन-तीन दिवस मावशी गुंगीत होत्या, मळमळत होतं. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं, आणि ते ओसरलं. शौचाला न होणं मात्र ओसरत नाही, म्हणून मॉर्फिनबरोबर पोट साफ होण्याचं औषध रोज लागतंच. पाचव्या दिवशी मी गेले तर मावशी भिंतीपाशी नव्हत्या. माझ्या पोटात धस्स झालं. सून हसली आणि तोंडावर बोट ठेवलं. मावशी आत गोधडीवर आडव्या होऊन घोरत होत्या.

‘ती अफूची गोळी’

हे सगळं एवढं सरळ झालं नाही. मॉर्फिनचं नाव ऐकून मुलगा अडून बसला होता. ‘ती अफूची गोळी आहे ना? आईला नशा लावता का? ती दिली म्हणजे संपलंच समजायचं.’ हेच प्रश्न मला मंडळीतल्या शिकलेल्या लोकांनीही विचारले आहेत, म्हणून उत्तर देते.

हो, मॉर्फिन अफूपासूनच होतं. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडे आणि राजस्थानात चितोडकडे सरकारी परवान्यानं अफूची शेती होते आणि त्यातून औषध बनतं. नशेसाठी घेणारा आणि वेदनेसाठी घेणारा यांच्यात फरक आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी योग्य डोस घेणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला व्यसन लागणं क्वचितच घडतं. शरीराला त्याची सवय होते, म्हणून ते एकदम बंद करायचं नाही. डोस हळूहळू वाढवावा लागला तर तो दुखणं वाढल्यामुळे. आणि मॉर्फिन म्हणजे मरणाची चिठ्ठी नव्हे. नीट दिलेलं मॉर्फिन आयुष्य कमी करत नाही. मॉर्फिन घेऊन लोक महिनोन्‌महिने हिंडतात-फिरतात, शेतावर जातात. मात्र हे औषध डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय कुणीही घ्यायचं नाही, एकाची गोळी दुसऱ्याला द्यायची नाही, आणि ती कुलपात ठेवायची. दीर्घकाळ चालणाऱ्या गोळ्या असतात त्या तर कुटून कधीच द्यायच्या नाहीत.

हे औषध दुर्मीळ का झालं, तेही थोडक्यात सांगते. 1985 साली अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा झाला. हेतू चांगला होता. पण परवान्यांची गुंतागुंत आणि तुरुंगाची भीती यामुळे दवाखान्यांनी आणि दुकानांनी मॉर्फिन ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या ते न वापरता घडल्या. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं प्रयत्न केले आणि 2014 साली संसदेनं या कायद्यात दुरुस्ती केली. आता मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं बरंच सोपं झालं आहे. तरी कायदा दिल्लीत बदलला म्हणून गोळी भोकरदनच्या वस्तीवर आपोआप पोहोचत नाही. ती कुणीतरी जाऊन आणावी लागते.

दुखणं एकट्या शरीराचं नसतं

सिसिली सॉन्डर्स या इंग्लंडच्या बाई आधी नर्स होत्या, मग माझ्यासारख्या रुग्णालयात समाजसेविका झाल्या, आणि शेवटी मरणोन्मुख माणसांच्या वेदनेवर काम करता यावं म्हणून डॉक्टर झाल्या. प्रभूवर विश्वास ठेवणाऱ्या. 1967 साली त्यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू केलं. त्यांचं शिकवणं असं होतं की अशा माणसाचं दुखणं चार ठिकाणी असतं, शरीरात, मनात, घरादारात आणि आत्म्यात. एक जागा सोडली तर बाकीच्या तीन ठिकाणचा इलाज अपुरा पडतो.

आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस 1986 साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं, टाटाचे कॅन्सर सर्जन डॉ. एल. जे. डिसोझा यांच्या पुढाकारानं. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याची केंद्रं झाली. नाव किती सुंदर आहे पाहा, शांती अवेदना सदन. शांतीच्या शेजारीच अवेदना, वेदना नसणं. मी माझ्या त्या सहा-सात ओळींत शांती लिहिली आणि अवेदना विसरले.

ठणका उतरल्यावर मावशी बोलायला लागल्या, आणि मग कळलं की कमरेखेरीज काय काय दुखत होतं. मुलानं उचल घेतलेली होती आणि दिवाळीनंतर त्याला टोळीबरोबर जावंच लागणार होतं. आपण त्याच्या माघारी गेलो तर तोंडात पाणी कोण घालणार? आणि त्यांच्या देखभालीसाठी नातीची शाळा सुटली होती. ‘माह्या दुखण्यानं पोरीचं पुस्तक गेलं,’ असं त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा माझ्यासमोर मोठ्यानं रडल्या. मी प्रार्थनेचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि त्यांचा हात धरून बसले. ते रडणं थांबवायची मला त्या दिवशी घाई झाली नाही.

या दुखण्यावर मॉर्फिन चालत नाही. त्यावर तुमचे पैसे चालले. वस्तीवरच्याच एका बाईला दुपारी सोबतीसाठी थोडं मानधन दिलं आणि नात शाळेत परतली. मुलगा टोळीबरोबर गेला, पण मुकादमाशी बोलून निरोप पोहोचायची आणि निघून यायची सोय करून ठेवली. मावशी त्यानंतर पाच महिने जगल्या. दारात बसून शेंगा निवडल्या, ठेचा-भाकरी मागून खाल्ली, सुनेशी भांडल्याही. शेवटच्या आठवड्यात मुलगा आला. तोंडात पाणी त्यानंच घातलं. रात्री दहाच्या रेघेवर काट मारलेली होती, सकाळच्या सहाची रेघ तशीच राहिली.

शास्त्र काय सांगतं

मी थिऑलॉजी शिकत होते तेव्हा मार्काच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायावर वर्गात बराच वाद झाला होता. वधस्तंभाच्या वेळी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला आणि त्यानं तो घेतला नाही. मग आपण वेदनेचं औषध का घ्यावं, असं काही विश्वासू माणसं आजही मला विचारतात. माझं उत्तर असं आहे. तो प्याला त्यानं स्वतःसाठी नाकारला, दुसऱ्या कुणासाठी नाही. शुभवर्तमानांत त्याच्याकडे जे जे आजारी आले, त्यांतल्या एकालाही त्यानं ‘सोस’ असं सांगून परत पाठवलं नाही. आणि तो गप्प राहून सोसत होता, हे तरी कुठे खरं आहे? गेथशेमानेत त्यानं मित्रांना जागं राहायची विनंती केली. वधस्तंभावरून त्यानं मोठ्यानं आरोळी मारली, तहान लागल्याचं सांगितलं. मावशींना मी अर्धीच गोष्ट सांगितली होती.

ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले. तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडून दुखण्याचं कारण समजावायला लागले तिथे ते चुकले. पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग ओरडणाऱ्या ईयोबावर नाही, शहाणपण शिकवणाऱ्या मित्रांवर आहे.

आणि तो चांगला शोमरोनी. त्यानं जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, स्वतःच्या जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, पैसे दिले, आणि जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन असंही सांगून गेला. तो परत येणार होता, याकडे मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं. मॉर्फिनच्या गोळ्या मोजून मिळतात, ठराविक दिवसांच्या. त्या संपायच्या आत कुणीतरी परत जावं लागतं.

आपण काय करू शकतो

शेवटी चार गोष्टी मागते.

पहिली, भेटीला गेलात तर ‘कसं आहे?’ असं विचारू नका. त्याला ‘बरं आहे’ हेच उत्तर येतं. विचारा, ‘रात्री झोप लागली का? दुखणं रुपयात किती?’ आणि जो सांगेल त्याचं खरं माना. मग घरात जो रात्री जागतो, त्याला वेगळं बाजूला घेऊन विचारा.

दुसरी, औषध आणायला माणूस हवा. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून साठ-एक किलोमीटर आहे. वस्तीवरून यायचं तर पूर्ण दिवस जातो आणि रोज बुडतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार मोफत होतात, पण कागद कुणीतरी करून द्यावे लागतात. महिन्यातून एक दिवस देणारी दहा माणसं मला या सभागृहातून हवी आहेत. केरळात कालिकतला 1993 साली सुरू झालेलं हे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच वाढवलं, तर आपल्याला का जमू नये?

तिसरी, आपल्या देणगीतला काही भाग ज्यांचा रोग बरा होणार नाही त्यांच्यासाठी ठेवू द्या. अहवालात मी ‘इतके बरे झाले’ असं लिहिते तेव्हा तुम्हाला आनंद होतो, आणि व्हावाच. पण मावशी त्या आकड्यात कधीच येणार नव्हत्या. त्यांच्यावर झालेला खर्च वाया गेला नाही, हे तुम्हाला मान्य असावं अशी माझी विनंती आहे.

चौथी, प्रार्थना. जरूर करा, मीही करते. फक्त प्रार्थनेआधी घड्याळ पाहा आणि घरच्यांना विचारा की या वेळेची गोळी दिली का. दिली नसेल तर आधी गोळी, मग आमेन.

मावशींच्या घराची ती भिंत सुनेनं नंतर शेणामातीनं सारवली. पण एका कोपऱ्यातल्या पाच रेघा तिनं ठेवल्या आहेत. आता त्याच वस्तीवर एका आजोबांना तोंडाचा कॅन्सर आहे. त्यांच्या घरच्यांना गजर कसा लावायचा हे शिकवायला मी गेले, तर ती माझ्याआधीच तिथे पोहोचली होती, हातात कोळसा घेऊन.

देवबाप तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.